कॉलिनचा शर्ट आणि माझं रफू

हे बघा, आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी मी हे सांगत होते तेव्हा एकीच्या नाकातून चहा बाहेर आला, आणि माझा सोफा फिक्या रंगाचा आहे. ठेवले? मग ऐका. माझ्या हातून असा घोळ झालाय की ग्वेल्फमधल्या निम्म्या म्हाताऱ्या इंग्रजांना आता माझं नाव पाठ आहे. चांगल्या कारणासाठी नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

तुम्हाला माहितीच आहे, मला शिवणाचा भयंकर नाद. लग्नाआधी सांगलीला शिवणकामाचा डिप्लोमा केला. इथे कॅनडात आल्यावर डाउनटाउनमधल्या एका ड्राय क्लीनरकडे अठरा वर्षं ऑल्टरेशन केलं. आमचे हे युनिव्हर्सिटीत माती तपासायचे आणि मी गावाच्या पँटी आखूड करायचे. माझं रफू असं असतं की कुठे फाटलं होतं ते शोधायला भिंग लागेल. ही बढाई नाही हो. म्हणजे आहे, पण खरी आहे.

तर आमच्या शेजारी कॉलिन राहतो. एकोणसत्तर वर्षांचा, मूळचा इंग्लंडचा, चाळीस वर्षांपूर्वी इथे कारखान्यात नोकरीला आला तो इथलाच झाला. माणूस म्हणजे लाखात एक! यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या विंटरला कुणी न सांगता रोज सकाळी उठून आधी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, मग स्वतःच्या. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मॉरीन. मोठ्याने हसायची, दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. ती गेली आणि हा माणूस एकदम मिटलाच. मी आठवड्यातून दोनदा डबा द्यायचे, तो डबा घासून परत द्यायचा आणि "व्हेरी नाइस, शैला" एवढंच म्हणायचा. शैलजा काही त्याच्या जिभेवर बसत नाही. मॉरीनचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

मार्चमधली गोष्ट. अंगणात अर्धा बर्फ, अर्धा चिखल. सकाळी कॉलिन दारात उभा, हातात ग्रोसरीची पिशवी.

"शैला, एक फेव्हर हवाय. तुला शिवता येतं ना?"

मला शिवता येतं ना! मी त्याला आत ओढूनच घेतलं.

त्याने पिशवीतून एक शर्ट काढला. शर्ट म्हणायचा आपला! एके काळी पांढरा असावा. अंगभर भोकं. डावी बाही खांद्यापासून लोंबत होती. सगळीकडे सेफ्टी पिना, मोजल्या मी नंतर, सदतीस! छातीवर हा एवढा तांबूस डाग. आणि पाठीवर काळ्या रंगाने लिहिलेला एक शब्द. चार अक्षरी, इंग्रजी. कुठला ते विचारू नका, माझ्या तोंडून तो निघणार नाही.

"शनिवारी सीनियर्स सेंटरमध्ये कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "पंक रॉकचा. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या कॉन्सर्ट्सना जे हजर होते, असे इथले सगळे जुने फॅन्स जमणार आहेत. प्रत्येकाने एक वस्तू आणायची आणि तिची आठवण सांगायची. मी पहिल्या कॉन्सर्टला हा घातला होता."

"अरे वा!" मी म्हटलं. पंक रॉक म्हणजे काय ते मला ओ की ठो माहीत नव्हतं.

"मी मॉरीनबद्दल बोलणार आहे," तो खाली बघत म्हणाला. "ती गेल्यापासून मला ते जमलेलं नाही. पण हा अंगात असला तर जमेल असं वाटतंय. फक्त आता तो पोटावर बसत नाही. दोन्ही बाजूंनी थोडा सैल कर, म्हणजे बटणं लागतील. बाकी कशाला हात लावू नकोस. जस्ट द साइड्स."

"बास, एवढंच?"

"एवढंच. जस्ट द साइड्स, शैला."

दोनदा म्हणाला. दोनदा! मी बहिरी नाही. मला स्वच्छ ऐकू आलं.

पण आता मला सांगा, आपल्याकडे पाहुणा जेवायला बसला आणि "पुरे" म्हणाला, तर आपण वाढायचं थांबतो का? "अर्धी पोळी" म्हणाला की आपण दोन टाकतो. "चहा नको" म्हणाला की आधण ठेवतो. नको म्हणजे आणखी एकदा विचारा, आणि फक्त एवढंच म्हणजे बाकीचं मागायची लाज वाटते! याच्यावर माझं अख्खं आयुष्य गेलं. त्यात समोर बिचारा विधुर, बायको असती तर शर्टाची ही दशा झाली असती का? चार लोकांत अशा चिंध्या घालून उभा राहणार! मला गलबलूनच आलं.

हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, त्याने बाजू सांगितल्यात. बाजूच कर."

"तुम्हाला काय कळतंय? भिडस्त आहे तो."

"तो इंग्रज आहे."

"तेच ते. त्यांच्यात तर मागतच नाहीत."

झालं! लागले कामाला. पहिल्या दिवशी सदतीस पिना काढल्या, कोरड्या फडक्याने पुसून एका डबीत ठेवल्या. चांगल्या पिना, टाकायच्या कशाला? दुसऱ्या दिवशी भोकं. मला जरा नवल वाटलं, कारण बरीचशी भोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ होती. म्हटलं, असेल बाई, इंग्लंडात कापडही शिस्तीत फाटत असेल. एकेका भोकाला तासतास बसले. त्याच कापडाचा धागा हवा म्हणून आतल्या शिवणीतून धागे उपसले. तिसऱ्या दिवशी बाही अशी बसवली की कारखान्यातही बसवणार नाहीत.

मग डाग. रात्रभर पावडरीत भिजवला आणि सकाळी बघते तर गायब! एका भिजवणीत! मलाच इतका आनंद झाला की मी यांना उठवून दाखवलं.

राहिला पाठीवरचा शब्द. तो रंग काही केल्या निघेना. घासला, लिंबू लावलं, शेवटी डोकं चालवलं. कशिद्याचे रंगीत दोरे काढले आणि प्रत्येक अक्षरावर नक्षी भरली. चार अक्षरांची चार फुलं केली. मध्ये एक वेल, दोन पानं. इतकं सुरेख दिसत होतं म्हणून सांगू! मग इस्त्री केली, घडी घातली, घडीत लव्हेंडरची पुडी ठेवली.

शुक्रवारी दुपारी माझी मुलगी मेघना व्हिडिओ कॉलवर होती. ती दुसऱ्या गावी, कनाटाला असते, टेलिकॉममध्ये. शाळेत असताना ही कॉलिनच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड्स ऐकत बसायची. मी म्हटलं, थांब, तुला गंमत दाखवते. शर्ट कॅमेऱ्यासमोर धरला.

"छान आहे. कुणाचा?"

"कॉलिनचा. त्याचा तो पंकचा."

मेघनाचा चेहरा असा थिजला की मला वाटलं वाय-फाय गेलं.

"आई. तो पिनावाला शर्ट? प्लीज टेल मी तो दुसरा आहे."

"तोच! ओळखू येत नाही ना?" मी खूश.

"आई, यू डिडन्ट! आई, ब्लड कुठे गेलं?"

"कसलं ब्लड?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते फाटणं म्हणे मुद्दाम असतं! पिना म्हणजे दागिना! आणि तो डाग? पहिल्याच कॉन्सर्टला सगळी गर्दी जागच्या जागी उड्या मारत होती, त्यात एका मुलीचं कोपर कॉलिनच्या नाकावर बसलं. रक्ताची धार. तो खाली पडला, लोक अंगावरून नाचायला लागले, तेव्हा त्याच मुलीने त्याला बाही धरून बाहेर ओढलं. बाही फाटली. ती मुलगी मॉरीन.

"अंकलने मला हे दहा वेळा सांगितलंय," मेघना म्हणाली. "तुला कधीच नाही?"

सांगायला आला असेल हो. पण मी कुणाला वाक्य पूर्ण करू देते का? "बस, चहा घे" म्हणून मीच बोलत सुटते. बायकोची एकुलती एक खूण, ती मी पावडरीत भिजवून सिंकमध्ये ओतली होती. आणि उद्या दुपारी दोनला तो ती अंगात घालून, दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलणार होता.

"आत्ता जाऊन त्याला सांग," हे म्हणाले.

"सांगते, सांगते. आधी बघू तरी पुन्हा फाडता येतो का."

आता ऐका पुढची शोभा. मी शर्ट धरून जोर लावला. ढिम्म नाही! माझंच रफू, मलाच दाद देईना. शर्टाचं एक टोक यांच्या हातात दिलं, एक माझ्या. हॉलमध्ये आम्ही दोघं, वय वर्षं त्र्याहत्तर आणि एकोणसत्तर, रस्सीखेच खेळतोय.

"ओढा की जोरात!"

"अगं गुडघा!"

"गुडघ्याने ओढताय का? हाताने ओढा!"

यांचा हात सुटला आणि हे सोफ्यावर जाऊन आदळले. शर्टाला सुरकुतीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण जरा वाईट शिवलं असतं तर काय बिघडलं असतं?

यांनी पडल्या पडल्या सुचवलं, "डागासाठी बीट किसून लाव."

"रक्त कुठे बिटासारखं दिसतं? शी!"

"मग कुंकू?"

कुंकू लावून पाहिलं बाहीच्या आतल्या बाजूला. हळदीकुंकवाला कुणी धक्का मारल्यासारखं दिसत होतं. धुऊन टाकलं.

तेवढ्यात बेल वाजली. खिडकीतून बघते तर कॉलिन! मी शर्ट डिशवॉशरमध्ये कोंबला. डिशवॉशरमध्ये का, ते मला आजही सांगता येत नाही.

"झाला का, शैला?"

आता, इथे मी सांगायला हवं होतं. कबूल आहे. तोंड उघडलंसुद्धा. पण त्याच्या हातात एक कागद होता, त्यावर त्याने बारीक अक्षरात भाषण लिहिलं होतं, आणि डोळे लाल होते. मला धीरच झाला नाही.

"उद्या हॉलवरच घेऊन येते," मी म्हटलं. "सरप्राइज!"

मागून हे मोठ्याने खोकले.

शनिवार उजाडला. शर्टाला पुन्हा इस्त्री केली, पुडी घडीत घातली आणि मी सकाळपासून देवापुढे. कार्यक्रम दुपारी दोन ते चार, कारण अंधार पडला की बऱ्याच पंकांना गाडी चालवताना नीट दिसत नाही. मला वाटलं होतं, गुंड लोक असतील. हॉलमध्ये जाऊन बघते तर काय, चाळीसेक आजी-आजोबा! कुणाच्या वॉकरला कवटीचे स्टिकर, कुणाच्या हिअरिंग एडला साखळी. एक बाई सत्तरीच्या पुढची, केस गुलाबी, पायात हे एवढे काळे बूट. पॅट तिचं नाव, जवळच्या किचनर गावाहून आली होती, मॉरीनची इंग्लंडमधली मैत्रीण. टेबलावर काकडीची सँडविचेस आणि शुगर फ्री केक.

एकेक जण उठून आठवण सांगायला लागला, आणि खरं सांगते, मी शर्ट विसरले. ते चेहरेच बदलायचे हो! एक आजोबा काठीवर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "हॉल एवढासा, माणसं पाचशे. घाम छताला लागायचा आणि परत आमच्यावर ठिबकायचा. बँडला वाजवता येत नव्हतं, आम्हाला नाचता येत नव्हतं, आणि त्यापेक्षा सुंदर मी काही पाहिलेलं नाही." दुसरे म्हणाले, गाणं दोन मिनिटांचं, पण त्या दोन मिनिटांत वाटायचं की उद्यापासून आपण कुणाचं काहीही ऐकणार नाही. एक बाई म्हणाल्या, बँड आवडला की आम्ही त्यांच्यावर थुंकायचो. आवडला की! मी यांच्याकडे बघितलं. आपल्याकडे एसटी स्टँडवर याच्यासाठी पाट्या लावतात.

आणि मग पुकारा झाला, "कॉलिन!"

कॉलिन पुढे गेला, कागद उलगडला, माझ्याकडे वळून हात पुढे केला. अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. मी उठले आणि पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने शर्ट काढला. लव्हेंडरची पुडी खाली पडली. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट.

त्याला वाटलं, मी चुकून दुसरा आणला. त्याने आत कॉलरवरचं लेबल पाहिलं. मग छातीवर बोट फिरवलं, डाग होता तिथे. मग बाही ओढून पाहिली. मग शर्ट उलटा केला, आणि हॉलला ती चार फुलं दिसली.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. मी माइक घेतला आणि माझ्या सांगलीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पिना, भोकं, पावडर, फुलं. "ही सेड जस्ट द साइड्स," मी म्हटलं, "पण आमच्यात कुणी जस्ट म्हटलं की आम्ही जस्टवर थांबत नाही. आय अ‍ॅम सॉरी, कॉलिन. आय वॉश्ड मॉरीन." आणि मला रडूच फुटलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

कॉलिनने शर्ट पुन्हा सुलटा केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बाजू?"

"काय?"

"बाजू सैल केल्यास का?"

मी शर्टाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. बाजू! सहा दिवस तो शर्ट माझ्या मांडीवर होता, आणि जेवढं सांगितलं होतं तेवढंच राहिलं होतं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कॉलिन नाही हसला. त्याने शर्ट खुर्चीच्या पाठीवर ठेवला, कागदाची घडी घातली, माइकमध्ये म्हणाला, "मग माझ्याकडे सांगायला काही नाही," आणि जाऊन बसला. त्याची मान खाली गेली ती वर येईना. मी इतक्या वर्षांत कुणाचं इतकं वाईट केलेलं नव्हतं, आणि तेही इतक्या प्रेमाने.

तेवढ्यात खाडखाड बूट वाजवत ती गुलाबी केसांची पॅट पुढे आली. तिने शर्ट उचलला, चष्मा वर करून लेबल पाहिलं आणि मला विचारलं, "डियर, डाग किती वेळात निघाला?"

"एका रात्रीत," मी नाक पुसत म्हटलं.

"पन्नास वर्षांचं रक्त एका रात्रीत निघतं का?"

अहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अठरा वर्षं ड्राय क्लीनरकडे काढली मी. जुनं रक्त कधी, कशानेही पूर्ण निघत नाही. हे मला त्या सकाळीच कळायला हवं होतं, पण मी यांना उठवून कौतुक करून घेण्यात दंग!

"कॉलिन," पॅट म्हणाली, "मी मॉरीनला शब्द दिला होता. पण ती आता मला ओरडायला नाही. हा तो शर्ट नाहीच."

कॉलिनने मान वर केली.

"तुम्ही कॅनडाला निघालात तेव्हा सामान आवरताना मॉरीनने तो शर्ट चुकून उकळत्या पाण्याच्या धुण्यात टाकला. चार वर्षांच्या पोराला येईल एवढा होऊन बाहेर आला. दिवसभर माझ्या किचनमध्ये बसून रडत होती, तुला कसं सांगू म्हणून. शेवटी आम्ही चर्चच्या जुन्या कपड्यांच्या सेलमधून दुसरा आणला. माझ्या कात्रीने भोकं कापली. पिना माझ्या. तो शब्द तिने लिहिला. आणि डाग..." पॅटने एकदा वर छताकडे बघितलं. "डाग बिटाचा आहे. त्यात थोडा चहा."

हे माझ्या कानात पुटपुटले, "मी म्हटलं नव्हतं बीट?"

"गप्प बसा."

कॉलिन उभा राहिला. आधी वाटलं चक्कर येतेय. मग त्याचे खांदे हलायला लागले. आणि तो हसला! इतका हसला की खुर्चीला धरून वाकला. "चाळीस वर्षं!" तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी बिटाला कवटाळून बसलोय! आणि ती दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मला तो घालायला लावायची आणि हसत सुटायची. मला वाटायचं, जुन्या आठवणीने हसतेय!"

सगळा हॉल हसत होता आणि निम्मे रडत होते. आणि मग, तुम्हाला काय सांगू, तो बोलायला लागला. कागदाशिवाय. अंगात आपला साधा निळा स्वेटर. वीस मिनिटं बोलला. मॉरीन कशी गर्दी चिरत पुढे जायची, तिने कसं त्याला बाहेर काढून रस्त्यावर बसवून आपल्या स्कार्फने नाक पुसलं, आणि पुसता पुसता "तुझ्यामुळे माझं गाणं हुकलं" म्हणून त्यालाच शिव्या घातल्या. इतक्या वर्षांची शेजारीण मी, आणि मॉरीन मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. कारण तोंड बंद ठेवून ऐकण्याचीही माझी पहिलीच वेळ होती.

शेवटी कुणीतरी रेकॉर्ड लावली. अरे देवा, तो आवाज! पत्र्यावर दगड ओतल्यासारखा! आणि ती सगळी म्हातारी मंडळी उठून जागच्या जागी उड्या मारायला लागली. उड्या म्हणजे टाचा उचलत होते आपले, पण चेहरे वीस वर्षांच्या पोरांचे. हेही गुडघा विसरून उठले. मी यांना सावरायला गेले तर पॅटने माझाच हात धरून मध्ये ओढलं.

"तू शर्ट नीट परत दिला असतास," ती माझ्या कानात ओरडली, "तर मी हे गुपित घेऊनच मेले असते!"

पुढच्या आठवड्यात मी कॉलिनकडे गेले. म्हटलं, बाबा रे, आता तरी बाजू करून देते. तो म्हणाला, "नको. तो शर्ट मी सेंटरला दिला. लॉबीतल्या काचेच्या कपाटात ठेवलाय त्यांनी." मी हळूच विचारलं, रागावला नाहीस ना? तर म्हणतो, "मॉरीनने चाळीस वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही. तू चाळीस मिनिटांत माइकवर सांगून मोकळी झालीस. मला तुम्ही दोघी आवडता." मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मॉरीनचं नाव आता दर दोन वाक्यांनी येतं. मला तर कधी कधी मध्ये बोलायची जागाच मिळत नाही.

मंगळवारी त्याच सेंटरमध्ये आपल्या मंडळातल्या बायकांचा योगा असतो. मी मुद्दाम लवकर गेले, कपाट बघायला. म्हटलं, इतकी वर्षं या गावात काढली, पहिल्यांदाच आपलं काम काचेमागे लागलंय! शर्ट पाठीकडून टांगलेला, चार फुलं अशी उठून दिसत होती. खाली कार्डावर कॉलिनच्या अक्षरात लिहिलं होतं,

"पंक शर्ट. भोकं आणि डाग : मॉरीन. भोकं बुजवली, डाग काढला : शैलजा. कृपया हात लावू नये. शैला, विशेषतः तू."

तेवढ्यात मागून वंदनाताई आल्या. त्याच, ज्या महिनाभर माझ्या मागे होत्या की त्यांच्या सासूबाईंची पैठणी पदराला विरली आहे, रफू फक्त तुमच्याच हातचं हवं. पैठणीची पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"शैलजाताई, ह्या शैलजा म्हणजे..."

"मीच," मी म्हटलं. "आणा ती पैठणी."

वंदनाताईंनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "एवढी काही फाटलेली नाही. आणि मी नको म्हणते ना, ते खरंच नको म्हणते!"